दरवाजाची हिरवी तार

आमच्या अम्मीला कुणी विचारलं की पोरगा काय काम करतो, तर ती सांगते, "कंप्यूटर पो लकीरां खेंचता." ऐकणाऱ्याला वाटतं ती थट्टा करतेय. तसं नाही. तिला माझं काम तेवढंच दिसतं, आणि खरं सांगायचं तर ते तेवढंच आहे. जालन्याच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी इलेक्ट्रिकल ड्रॉइंग करतो. दिवसभर रेषा ओढतो. कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते, हे त्या रेषा सांगतात. खाली शॉपमध्ये वायरमन त्या रेषांवरून तारा जोडतात.

एरवी मी घर, भाषा, सणवार यांवर लिहितो. आज कामाबद्दल लिहितोय, कारण त्या कामात झालेली एक चूक माझ्या अंगावर बरीच वर्षं बाकी आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी आधी थोडं जालन्याबद्दल. "जालना सोने का पालना" ही म्हण आमच्याकडे लहान पोरंही म्हणतात. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतले तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला. पण गाव जुनं आहे, व्यापाराचं आहे. गावाचं नाव इथे राहणाऱ्या एका श्रीमंत मुसलमान जुलाह्यावरून पडलं, अशी कथा सांगतात. आता इथली ओळख बियाणं आणि लोखंड. एमआयडीसीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत आणि बांधकामाच्या सळ्या काढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. लालबुंद सळी रोलमधून बाहेर पडते आणि लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यातून जाते. त्यामुळे वरचा थर कडक होतो आणि आतला गाभा लवचीक राहतो. त्या पाण्याला पंप लागतात, पंपांना मोटारी, आणि मोटारींना चालू-बंद करायला, जपायला लोखंडी कपाटासारखं एक पॅनेल. ते आम्ही बनवतो. ते जिथे उभं राहतं तिथे पाणी, वाफ आणि लोखंडाचा चुरा असतो, आणि घामेजल्या हातांची माणसं असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझ्या रेषांबद्दल. संगणकावर रेषा ओढायला माऊस लागतो, आणि माऊस धरणारा हात कधीच अचूक नसतो. डोळ्याला वाटतं रेषेचं टोक बरोबर टोकावर टेकलं, प्रत्यक्षात ते केसभर अलीकडे किंवा पलीकडे पडलेलं असतं. म्हणून ऑटोकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ऑब्जेक्ट स्नॅप नावाची सोय असते. आम्ही तिला ऑस्नॅप म्हणतो. कर्सर एखाद्या वस्तूच्या जवळ नेला की तो आपोआप तिच्या ठरावीक बिंदूला चिकटतो. रेषेचं टोक, रेषेचा मध्य, वर्तुळाचं केंद्र, दोन रेषा छेदतात ती जागा, असे ते बिंदू. यातला कोणता हवा ते आपण निवडायचं. ही कल्पना ऑटोकॅडच्याही आधीची. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात पडद्यावर प्रकाशाचं पेन रेषेजवळ नेलं की प्रोग्रॅम ते नेमकं त्या रेषेवरच आहे असं धरायचा. माणसाचा हात थरथरतो हे त्या माणसाने पहिल्यापासून गृहीत धरलं होतं.

घराचा नकाशा काढताना रेषा केसभर चुकली तर फारसं बिघडत नाही. भिंत माणूस बांधतो, आणि माणसाला कळतं. इलेक्ट्रिकलचं तसं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तार म्हणून ठरवलेल्या लेयरवर ओढलेली साधी रेषासुद्धा तार धरली जाते. प्रत्येक चिन्हाला, म्हणजे बटणाला, कॉन्टॅक्टरला, टर्मिनलला, ठरलेले जोडबिंदू असतात. रेषेचं टोक त्या बिंदूवर आलं तर सॉफ्टवेअर म्हणतं जोडलं. टोक अगदी थोडं दूर असेल तर ते सूट देतं, त्या सुटीला ट्रॅप डिस्टन्स म्हणतात. त्याच्या बाहेर राहिलं तर त्याच्या लेखी तिथे तारच नाही. मग प्रिंटवर ती रेषा कितीही टेकलेली दिसो. आणि कुठून कुठे तार जाते याची जी यादी सॉफ्टवेअर बनवतं, तिच्यात ती जोडणी येत नाही.

अब्बा वायरमन होते. खेड्यापाड्यांत विहिरींवरच्या मोटारी बसवायचे, स्टार्टर दुरुस्त करायचे. भोकरदन तालुक्यात आमचं मूळ गाव. मी चौथीत असताना पावसाळ्यात माझे धाकटे चाचा विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि परत आले नाहीत. स्टार्टरची पेटी लोखंडी, आत कुठेतरी तारेचं आवरण झिजून पेटीला लागलेलं. पेटीला अर्थिंग नव्हतं, पायाखाली चिखल होता. चाचांनी फक्त पेटीला हात लावला. आपल्या मराठवाड्यात हे नवीन नाही, दर पावसाळ्यात कुठल्यातरी शिवारातून अशी बातमी येते.

अर्थिंग म्हणजे काय, हे मला पुस्तकाआधी अब्बांनी सांगितलं. फेजची तार चुकून पेटीला लागली तर वीज जमिनीकडे वाट शोधते. पेटीला जाड तांब्याची तार लावून ती जमिनीत नीट पुरलेली असेल, तर सगळा जोर त्या तारेतून जातो, एका झटक्यात फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. ती तार नसेल तर वीज थांबते, वाट बघते. मग जो हात लावेल तो तिची वाट होतो. चाचांनंतर अब्बांनी अर्थिंगचा खड्डा स्वतः बघितल्याशिवाय एकही मोटार चालू करून दिली नाही. शेतकरी म्हणायचे, "चाचा, आज चालू करून द्या, खड्डा उद्या करतो." अब्बा पिशवी उचलायचे. उन्हाळ्यात मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगत फिरायचे. लोक हसायचे. आमच्या घरी ईदच्या दिवशीसुद्धा अर्थिंगचा विषय निघायचा.

अशा माणसाचा मी मुलगा. म्हणून पुढची गोष्ट सांगताना जास्त लाज वाटते.

कारखान्यात एक जुने वायरमन होते. अंबड तालुक्यातले, माळकरी. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणायचो. त्यांची कामाची पद्धत ठरलेली. ड्रॉइंगची मोठी प्रिंट समोर टांगायची. एक तार जोडली की प्रिंटवर ती रेषा पिवळ्या पेनाने रंगवायची. सगळं ड्रॉइंग पिवळं झालं की पॅनेल झालं. पद्धत चोख होती, पण वेळ लागायचा. मी नवीन सॉफ्टवेअर शिकून आलो होतो. मी मालकांना पटवलं की आता ड्रॉइंग बघायची गरज नाही, संगणक तारांची यादी देतो, यादीप्रमाणे तारा कापायच्या, दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल घालायचे आणि जोडायच्या. काम जवळजवळ निम्म्या वेळात व्हायला लागलं. मामांनी कुरकुर केली नाही. यादी घेतली आणि पिवळं पेन खिशात ठेवलं. फेकलं मात्र नाही.

रमजान चालू होता. पाण्याच्या पंपांचं एक पॅनेल ईदच्या आधी रवाना करायचं होतं. दुपार कलली होती. माझ्या संगणकात काही बिघाड झाला होता, म्हणून मी शेजारच्या टेबलावर बसलो. त्या टेबलावरचा सहकारी पॅनेल लेआउट करतो, म्हणजे कपाटाच्या आत कुठली वस्तू कुठे बसेल, भोकं कुठे पाडायची, डिन रेल किती लांब कापायची, ते काढतो. त्याला ऑस्नॅप सतत लागतो. त्याने सगळेच चालू करून ठेवले होते. सेटिंगच्या चौकटीत "सिलेक्ट ऑल" असं बटण असतं, ते दाबलं की झालं. त्यात निअरेस्ट नावाचा एक स्नॅपही येतो. तो टोक बघत नाही, मध्य बघत नाही. वस्तूचा जो भाग कर्सरला सर्वांत जवळ असेल तिथे चिकटतो.

एक गोष्ट तेव्हा मला नीट ठाऊक नव्हती. चालू ठेवलेले ऑस्नॅप ड्रॉइंगच्या फाइलमध्ये साठत नाहीत, ते त्या संगणकावर, त्या माणसाच्या खात्यात राहतात. ग्रिडचा स्नॅप मात्र फाइलबरोबर येतो. म्हणजे मी माझी फाइल उघडली, माझी ग्रिड माझ्यासोबत आली, आणि मला वाटलं सगळं माझंच आहे. ऑस्नॅप त्याचे होते. आणि दोन्ही चालू असतील तेव्हा ऑस्नॅप ग्रिडवर मात करतो.

शेवटची काही जोडणी राहिली होती. त्यात पॅनेलच्या दरवाजाची अर्थिंगची तार होती. पॅनेलच्या दरवाजावर बटणं, दिवे, मीटर असतात, म्हणजे दरवाजापर्यंत वीज जाते. म्हणून दरवाजाला स्वतःची हिरवी-पिवळी तार द्यावी लागते. नुसत्या बिजागरीवर विसंबता येत नाही, तिच्यावर रंग बसतो, ती सैल होते. पॅनेलसाठीचं आयएस/आयईसी ६१४३९ हे मानक दरवाजाच्या या जोडणीबद्दल बोलतं. त्याच्या कितीतरी आधी अब्बांनी मला ते सांगितलं होतं. मी ती रेषा ओढली. तारेसाठीची वेगळी कमांड असते, ती न वापरता सवयीने साधी रेषेची कमांड घेतली. कर्सर टर्मिनलच्या छोट्या वर्तुळाजवळ नेला, तो चिकटला, मी क्लिक केलं. चिकटला म्हणजे बरोबरच चिकटला असणार, असं मी धरून चाललो. तो वर्तुळाच्या कडेवर चिकटला होता, जोडबिंदूच्या बाजूला. ड्रॉइंग तपासायचं ऑडिट असतं, अर्धवट राहिलेल्या तारा ते दाखवतं. दोन मिनिटांचं काम. इफ्तारला घरी पोचायचं होतं. मी यादी काढली, खाली पाठवली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा शॉपमधून फोन आला. म्हणाले, "बाळा, यादीत दरवाजाची हिरवी दिसंना."

मी दुसऱ्या कामात होतो. म्हणालो, "मामा, यादीत जेवढं आहे तेवढंच करा. मी ड्रॉइंगमध्ये काढलंय, दुसऱ्या नावाने आलं असेल. कंप्यूटर विसरत नाही."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या दिवशी तपासणी. तपासणाऱ्या मुलाने मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या बसबारला लावलं, दुसरं दरवाजाला. बझर वाजला. त्याने दरवाजा थोडा हलवून पुन्हा लावलं, बझर गप्प. पुन्हा हलवला, वाजला. बिजागरीतून कधी लागत होतं, कधी नाही. त्याने आत वाकून बघितलं. हिरवी तार नव्हतीच.

हेच मला त्या चुकीतलं सर्वांत भीतिदायक वाटतं. दुसरी कुठलीही तार राहिली असती तर पंप चालू झाला नसता, दिवा लागला नसता, काहीतरी बोंबललं असतं. ही तार नसताना सगळं चालतं. पॅनेल वर्षानुवर्षं चालतं. ज्या दिवशी आत एखादी तार झिजून दरवाजाला लागते, त्या दिवशी कळतं. आणि ते ज्याला कळतं, तो सांगायला उरेलच असं नाही.

सुपरवायझर आले. शॉपमध्ये तेव्हा दहाएक माणसं होती. सगळ्यांसमोर ते मामांवर ओरडले. "इतकी वर्षं झाली, दरवाजाला अर्थ द्यायचा असतो हे आता तुम्हाला सांगावं लागतं का? वय झालं असेल तर घरी बसा." मी जिन्यावर उभा होतो. मामांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मी काय बोलतो याची वाट बघत असावेत. मी म्हणालो, "ड्रॉइंगमध्ये तर काढली आहे."

ते खोटं नव्हतं. प्रिंटवर रेषा होती. सुपरवायझरनी प्रिंट मागवली, बोट ठेवलं, म्हणाले, "ही बघा, आहे की!" मामांनी त्या फोनबद्दल एक शब्द काढला नाही. खिशातून चष्मा काढून प्रिंट बघितली, म्हणाले, "आहे खरी." आणि तार कापायला गेले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फाइल उघडली. त्या टर्मिनलवर गेलो आणि मोठं करत गेलो. एका टप्प्यापर्यंत रेषा वर्तुळाला टेकलेलीच दिसत होती. मग तारेची कमांड घेतली आणि एक्स दाबला. त्या कमांडमध्ये एक्स दाबला की सगळे जोडबिंदू खूण होऊन दिसतात. खूण एकीकडे होती, रेषेचं टोक दुसरीकडे. प्रिंटवर मापलं तर मिलिमीटरभर. यादीत ती तार का नव्हती, मामा बरोबर का होते, सगळं त्या मिलिमीटरभर जागेत होतं.

घरी आलो. इफ्तार झाली. रोजा होता, डोकं जड होतं, संगणक दुसऱ्याचा होता, असं मी मनातल्या मनात मांडत होतो. तरावीहला गेलो. इमामसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, सफें सीधी कर लीजिए, बीच में जगह न छोड़िए. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. त्या रात्री ते ऐकून मी शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावला आणि मला नीट उभं राहता येईना.

परत येताना अब्बांना सांगितलं. सगळं सांगितलं, फोनचंही. वाटलं होतं चाचांची आठवण काढतील, चिडतील. ते बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "तार दिखने से थोडीच जुडती. ये तो तेरे को मालूम था." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "और वो बुड्ढे आदमी को सबके सामने बोले ना? तो तू भी सबके सामने बोल." मी म्हणालो, रोजा होता अब्बा, ध्यान नव्हतं. ते थांबले. "रोजे पो मत डाल रे."

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. पण अब्बा म्हणाले तसं नाही. मालकांच्या केबिनमध्ये गेलो, सुपरवायझरना बोलावलं, संगणकावर दाखवलं. दोघांनी ऐकून घेतलं. मालक म्हणाले, "बरं झालं लवकर सापडलं, यापुढे ऑडिट केल्याशिवाय यादी खाली जाणार नाही." सुपरवायझर म्हणाले, "ठीक आहे, होतं असं." मामांना मी एकट्यात गाठून माफी मागितली. ते म्हणाले, "तार लागली ना आता? मग झालं." झालं नव्हतं. ओरडा दहा माणसांसमोर पडला होता, चूक दोन माणसांसमोर कबूल झाली होती. बाकीच्या आठ जणांच्या मनात अजूनही मामाच विसरले होते. हे मला तेव्हाही कळत होतं. मी स्वतःला सांगितलं, आता उगाच विषय कशाला वाढवायचा.

कामाची पद्धत मात्र बदलली. ड्रॉइंग करणाऱ्या कुणाच्या उपयोगाला येईल म्हणून लिहितो. ऑटोकॅडमध्ये प्रत्येक ऑस्नॅपला एक आकडा असतो. एंडपॉइंट १, मिडपॉइंट २, सेंटर ४, इंटरसेक्शन ३२, पर्पेंडिक्युलर १२८, निअरेस्ट ५१२. जे चालू असतील त्यांची बेरीज ओएसमोड नावाच्या खात्यात राहते. सॉफ्टवेअर नवं टाकलं की ती ४१३३ असते, म्हणजे एंडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन आणि ४०९६ वाला एक्स्टेन्शन. मी माझ्यासाठी दोनच आकडे ठरवले. तारांचं ड्रॉइंग करताना ०, म्हणजे ऑस्नॅप सगळे बंद. एफ९ ने ग्रिडचा स्नॅप चालू, आमची ग्रिड अडीच मिलिमीटरची आहे आणि चिन्हांचे जोडबिंदू तिच्यावरच पडतात. तार नेहमी तारेच्या कमांडने ओढायची, आणि शंका आली की एक्स. पॅनेल लेआउट करताना १६७, म्हणजे टोक, मध्य, केंद्र, छेद आणि लंब. त्यापेक्षा जास्त नाही. जास्त स्नॅप चालू ठेवले की जास्त मदत होते असं नवख्याला वाटतं. उलट होतं. दाटीच्या जागी दहा बिंदू कर्सरला ओढायला बघतात आणि आपल्याला हवा तो सोडून भलताच पुढे येतो. टॅब दाबून एकेक बिंदू पुढे सरकवता येतो, पण घाईत कोण दाबतं?

निअरेस्ट कायमचा चालू ठेवायचा नाही. लागलाच तर त्या एका क्लिकपुरतं एनईए टाइप करायचं, किंवा शिफ्ट धरून माऊसचं उजवं बटण दाबून यादीतून घ्यायचा. एखाद्या क्लिकला कुठलाच स्नॅप नको असेल तर एनओएन. आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसलं की पहिलं काम, ओएसमोड टाइप करून आकडा बघायचा. आपली फाइल आहे म्हणून सेटिंग आपलं असेल असं समजायचं नाही.

हे दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून मी माझ्या स्क्रीनच्या कडेला चिकटवले. नवीन पोरं विचारतात, भाई, हे शून्य आणि एकशे सदुसष्ट काय आहे? मी स्नॅपचं सांगतो. मामांचं कधी सांगितलं नाही.

आणखी एक बदल मामांनी केला, कुणाला न विचारता. यादी घेऊन ते काम करायचे, पण शेवटी प्रिंट टांगून पिवळं पेन काढायचे आणि सगळ्या रेषा रंगवायचे. अर्धा तास जास्त जायचा. कुणी काही म्हटलं नाही. मीही नाही. त्यानंतर जितकी वर्षं ते होते, तितकी वर्षं माझं प्रत्येक ड्रॉइंग त्यांच्या हाताखालून पिवळं होऊन गेलं. त्यात दोनदा त्यांना काहीतरी सापडलं. दोन्ही वेळा ते जिना चढून वर आले, माझ्या टेबलापाशी वाकून हळूच म्हणाले, "जरा हे बघता का." फोन केला नाही.

मामा आता निवृत्त झालेत. मागच्या ईदला शिरखुर्मा प्यायला घरी आले. कारखान्यातले चार-पाच जणही होते, त्यातले दोघे त्या दिवशी शॉपमध्ये हजर असलेले. अब्बा आणि मामा यांची ती पहिलीच भेट. पाच मिनिटांत दोघे अर्थिंगवर आले. अब्बांनी मीठ-कोळशाचं सांगितलं, मामांनी त्यांच्या गावातल्या एका स्टार्टरच्या पेटीचं. मग मामा हसत म्हणाले, "तुमच्या पोरानं एकदा दरवाजाला अर्थच दिला नव्हता बघा. कागदावर होती, यादीत नव्हती. सापडली वेळेवर." आणि शिरखुर्म्याची वाटी तोंडाला लावली.

गोष्ट त्यांनी तिथेच संपवली. फोन गाळला. ओरडा गाळला. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना बाकीची गोष्ट माहीत होती, आणि मी ती कुठे सांगितली नाही हेही माहीत होतं.

मी वाटी खाली ठेवली. त्या दोघांकडे वळून म्हणालो, "मामांनी आदल्या दिवशी मला फोन केला होता. यादीत तार नाही म्हणून सांगितलं होतं. मीच म्हणालो, यादीप्रमाणे करा. ओरडा त्यांनी खाल्ला."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. एकजण म्हणाला, "आम्हाला वाटायचं मामाच..." आणि थांबला. मामा म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनं झालं." पण त्यांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला, मग परत पुसला. अम्मी आतून आणखी शिरखुर्मा घेऊन आली. मामांनी नाही-नाही म्हणत वाटी पुढे केली.